पाव्हणं की उपरा? आरुषातला एक निवांत दिवस

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. ज्यांना वेळ नाही त्यांनी शेवटचे दोन-तीन परिच्छेद तरी वाचा, कारण त्यात तुमच्याकडं एक काम आहे.

जानेवारीत मी दहा-बारा दिवस टांझानियात होतो, हे फोटोंमुळं बऱ्याच जणांना माहीत आहे. आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "सिंह बघितला काय?" बघितला. लांबून बघितला, झोपलेला होता, आणि त्याचा फोटो तुम्ही सगळ्यांनी लाइक केलाय. आज जे सांगायचंय त्यात सिंह नाही, हत्ती नाही. एक बुधवार आहे. भाचा ऑफिसला गेला होता, सूनबाई तिच्या कामावर, आणि मी दिवसभर मोकळा. खिशात थोडे शिलिंग, पायात चप्पल आणि परत यायची घाई नाही. पत्रकाराच्या आयुष्यात असा दिवस किती वेळा येतो, ते या धंद्यातल्या माणसाला विचारा.

भाचा आरुषाला नोकरीला आहे. मुंबईहून अदिस अबाबा, तिथून किलिमांजारोचा विमानतळ आणि पुढं गाडीनं आरुषा. निघायच्या आधीच त्याचा फोन, "मामा, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणू नका, इथं बंदी आहे." आता आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी, कांदा-लसूण मसाला आणि काकवी हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीशिवाय कसं न्यायचं? शेवटी जुन्या स्टीलच्या डब्यात भरून, कापडात बांधून नेलं. तिथं २०१९ च्या जूनपासून प्लॅस्टिकच्या पिशव्या खरोखर बंद आहेत. बाजारात बघितलं, खरंच दिसत नाहीत. आपल्याकडं त्याच्या आदल्या वर्षी बंदी आली होती. आपल्या बंदीचं काय झालं, ते पंचगंगेच्या काठावर जाऊन बघा.

असो. तर पहिल्या दिवसापासून एक गंमत सुरू होती. भाचा मला चारचौघांत "मामा" अशी हाक मारायचा आणि आजूबाजूची माणसं वळून बघायची. वॉचमन तर तोंड लपवून हसायचा. दोन दिवसांनी उलगडा झाला. स्वाहिलीत 'मामा' म्हणजे आई! एवढा मिशीवाला गडी आणि पोरगं त्याला आई म्हणतंय. मामाला तिथं 'म्जोंबा' म्हणतात. भाच्याला म्हटलं, राहू दे, आईच बरी.

बुधवारची गोष्ट. आदल्या रात्री भाच्यानं ओळखीच्या एका रिक्षावाल्याला सांगून ठेवलं होतं की मामांना गाव फिरवून आण. तिथं रिक्षाला 'बजाजी' म्हणतात. आपल्या बजाजवरूनच. रिक्षावाला फोनवर म्हणाला, "सा तातू." मोजा, म्बिली, तातू म्हणजे एक, दोन, तीन एवढं मी शिकलो होतो. म्हटलं, झकास, दुपारी तीनला येतोय. सकाळी पेपर नाही, फोन नाही, मी लोळत पडलो. नऊला बाहेर हॉर्न वाजला, मी लक्ष दिलं नाही. परत वाजला. मग रिक्षा निघून गेली. वॉचमननं नंतर सांगितलं की त्यांचा दिवस सूर्य उगवल्यापासून मोजतात. आपले सात वाजले की त्यांचा एक. म्हणजे 'तातू'ला आपले नऊ. आपल्याकडंही पूर्वी दिवस उगवल्यापासून घटका मोजायचेच की. चूक माझीच होती. पण त्या चुकीमुळं दिवस पायी फिरण्यात गेला, आणि ते बरं झालं.

आरुषा समुद्रसपाटीपासून उंचावर आहे, त्यामुळं हवा आपल्या पन्हाळ्यासारखी. मागं मेरू पर्वत. होय, नाव मेरूच. साडेचार हजार मीटर उंच, पण सकाळी ढगात असतो आणि मनात आलं की दर्शन देतो. गावाच्या मध्यावर एक घड्याळाचा मनोरा आहे. कैरो आणि केपटाऊनच्या बरोबर मध्ये हे ठिकाण येतं, असं तिथली माणसं छाती फुगवून सांगतात. खरं-खोटं मोजायला कोण जाणार? बिंदू चौकाबद्दल आपण काय कमी सांगतो?

रस्त्याकडेला एका बाईच्या टपरीवर चहा घेतला. आलं घातलेला, दुधाचा, गोड. बरोबर चपाती. नावही 'चपाती'च. जरा तेलकट, आपल्या परोठ्यासारखी, आणि सोबत 'महारागे', म्हणजे राजम्याची उसळ. मी बाईंच्या बोलण्यातले शब्द वेचत बसलो. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', विम्याला 'बीमा', लाखाला 'लाकी', हिशोबाला 'हेसाबू', बर्फाला 'बराफू'. व्यापारी आणि मजूर समुद्र ओलांडून गेले, त्यांच्याबरोबर शब्दही गेले. अरबी शब्द तर दोन्हीकडं पोचलेत. परत कुणी गेलं, कुणी राहिलं, शब्द मात्र तिथलेच होऊन बसले. त्यांना कुणी विचारत नाही, तुम्ही मूळचे कुठले. आणखी एक गंमत. भारतीय माणूस म्हणजे 'म्हिंदी' आणि मका म्हणजे 'माहिंदी'. मी स्वतःकडं बोट दाखवून चुकून 'माहिंदी' म्हणालो, तर बाईंनी शेजारच्या शेगडीवर भाजत असलेली कणसं दाखवली. सगळी टपरी हसली.

त्याच टपरीवर मला एक शब्द मिळाला आणि तो दिवसभर डोक्यात राहिला. बाई मला "करिबू, म्गेनी" म्हणाल्या. करिबू म्हणजे या, स्वागत. म्गेनी म्हणजे काय, असं शेजारच्या कॉलेजच्या पोराला विचारलं. तो इंग्रजीत म्हणाला, "पाहुणा." मग जरा थांबून म्हणाला, "अनोळखी माणूस. परका. सगळं एकच." दोन्हीला एकच शब्द! मला एकदम आपली भाषा आठवली. आपल्याकडं एसटीत शेजारी कोण बसलाय माहीत नसलं तरी आपण काय म्हणतो? "कुठलं पाव्हणं?" अनोळखी माणसाला पाव्हणं म्हणणारी आपली भाषा. आणि तसाच शब्द पाच हजार किलोमीटरवरच्या गावातही आहे.

तिथून निघून मनोऱ्याकडून वर चालत गेलो, तर एक मोठी, जुन्या धाटणीची सरकारी इमारत लागली. आंतरराष्ट्रीय परिषद केंद्राची. फाटकाबाहेरूनच बघितली. नाव वाचलं आणि पाय थांबले. रवांडातल्या नरसंहाराचा खटला जिथं चालला ती ही जागा. १९९४ च्या एप्रिलपासून शंभरेक दिवसांत तिथं सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. त्याचा न्याय करायला संयुक्त राष्ट्रांनी आरुषात न्यायालय बसवलं. ते २०१५ पर्यंत चाललं.

या न्यायालयातला एक खटला आमच्या धंद्यातल्या माणसांवर होता. दोघे एका रेडिओ केंद्राच्या संस्थापकांपैकी, तिसरा एका नियतकालिकाचा संपादक. हातात कोयता घेतल्याचा हा खटला नव्हता. त्यांच्या रेडिओनं आणि कागदानं शेजाऱ्यांना रोज झुरळं म्हटलं, कोण परका आहे हे रोज सांगितलं, आणि पुढं कुणाला मारायचं तेही. डिसेंबर २००३ मध्ये तिघांनाही दोषी ठरवलं. २००७ च्या अपिलात काही आरोप गळाले, शिक्षा कमी झाल्या. पण शब्दांचा हिशोब द्यावा लागतो, हे तिथं लिहिलं गेलं.

२००३ साली मी पत्रकारितेचा डिप्लोमा करत होतो. त्या डिसेंबरात आम्ही वर्गात बहुतेक मथळा कसा द्यावा हे शिकत असू. मथळा छोटा असावा, क्रियापद जोरकस असावं, वाचणाऱ्याची नजर थांबली पाहिजे. या निकालाची बातमी आमच्यापर्यंत आली असेल तरी मला आठवत नाही.

फाटकासमोर उभा असताना मला माझाच एक मथळा आठवला. तो सांगायला ही पोस्ट लिहितोय, पण जरा थांबा, आधी तेंगेरूला जाऊन येऊ.

दुपारी बाजार फिरलो. केळ्यांचे घड, अवोकॅडोचे ढीग, सुकवलेली मासळी, मक्याचं पीठ. लक्ष्मीपुरीत फिरल्यासारखं वाटलं, फक्त घासाघीस जरा हळू आवाजात. मग दालादाला पकडली. दालादाला म्हणजे आपलं वडाप. चौदा माणसांच्या गाडीत बावीस, दाराला लोंबकळणारा पोरगा, आणि "अजून एक बसतंय" हे कुठल्याही भाषेत कळतं. मोशीच्या रस्त्यानं बारा-तेरा किलोमीटर गेलं की तेंगेरू. बुधवार हा तिथल्या आठवडी बाजाराचा दिवस, त्यामुळं गाडीत कोंबड्याही होत्या.

तेंगेरूला मी ठरवूनच गेलो होतो. का, ते सांगतो.

माझ्या आज्जीचं माहेर वळिवड्याजवळचं. तिचे वडील पोलंडच्या लोकांच्या छावणीत दूध घालायला जायचे आणि अकरा-बारा वर्षांची आज्जी पाठोपाठ पळायची. वळिवडे कॅम्प आपल्याकडं आता बऱ्याच जणांना ऐकून माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो. १९३९ मध्ये पोलंड जर्मनी आणि रशियानं दोन्हीकडून गिळला. पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना रशियानं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तानात पाठवलं. १९४१ मध्ये जर्मनी रशियावर उलटला, मग या लोकांची सुटका झाली. जगली-वाचली ती माणसं १९४२ मध्ये इराणात आली. त्यात मुख्यतः बायका आणि पोरं. तिथून त्यांना मिळेल त्या जागी पाठवलं. जामनगरजवळ बालाचडीला पोरं गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. १९४३ पासून सुमारे पाच हजार लोक कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला आले. आणि तेवढेच, सुमारे पाच हजार, टांगानिकातल्या तेंगेरूला. तेंगेरू ही पूर्व आफ्रिकेतली पोलिश लोकांची सगळ्यात मोठी वस्ती. कुणी वळिवडे निवडलं नव्हतं, कुणी तेंगेरू निवडलं नव्हतं. ज्याला जी बोट मिळाली ती.

वळिवड्यात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. एक मुलगी तर कोल्हापूरची सून होऊन इथंच राहिली. १९४८ पर्यंत कॅम्प संपला आणि फाळणीत घरं गमावलेली सिंधी माणसं त्याच बराकींत आली. तेच आपलं गांधीनगर. आज अर्धं दक्षिण महाराष्ट्र लग्नाचा बस्ता बांधायला जिथं जातं, ते निर्वासितांनी निर्वासितांच्या बराकींत उभं केलेलं आहे.

आज्जी मरेपर्यंत एक पोलिश शब्द म्हणून दाखवायची. "जेन डोब्री." म्हणजे नमस्कार. ती माणसं कोण होती गं, असं मी लहानपणी विचारलं की म्हणायची, "परसंग पडल्याली माणसं. दारात आलं की पाव्हणंच."

तेंगेरूची ती वस्ती आता नाही. तिथं पशुसंवर्धनाचं प्रशिक्षण केंद्र आहे. त्याच्या आवारात पोलिश दफनभूमी शिल्लक आहे. मी वाट विचारत गेलो. ज्याला विचारीन तो "पोलंड, पोलंड" म्हणत हात करायचा. झाडीत एक भिंत, फाटक, आत ओळीनं सिमेंटच्या कबरी. दीडशेच्या आसपास. वर क्रूस, काही ज्यू लोकांच्याही. नावं मला वाचता येत नव्हती, पण साल वाचता येतात. काही कबरी लांबीनं फार लहान आहेत, तिथं साल वाचायची गरज पडत नाही.

एक पन्नाशी-साठीचा माणूस गवत काढत होता. मला बघून उठला, हात पुसले आणि म्हणाला, "जेन डोब्री."

मला क्षणभर काही सुचेना. पंधरा वर्षांपूर्वी गेलेल्या आज्जीचा शब्द, आफ्रिकेतल्या माळीकाम करणाऱ्या माणसाच्या तोंडून. त्याला वाटलं होतं, इथं येतात ते पोलंडचेच असतात. मी म्हटलं, मी इंडियाचा. तो गोंधळला. मग मोडक्या इंग्रजीत, हातवारे करत, मी त्याला सांगितलं की हीच माणसं आमच्या गावातही होती, इथं पाच हजार, तिथं पाच हजार. आमच्याकडंही त्यांच्या कबरी आहेत. माझ्या आज्जीचे वडील त्यांना दूध घालायचे. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "वगेनी वेनू पिआ." तुमचेही पाहुणे. म्गेनीचं अनेकवचन वगेनी.

त्यानं एक वही पुढं केली. बहुतेक नावं पोलिश. मी माझं नाव लिहिलं आणि पत्त्यात 'कोल्हापूर, वळिवड्याजवळ' असं देवनागरीत लिहिलं. मी वळिवड्याजवळ राहत नाही. पण त्या वहीत तेच लिहायला पाहिजे असं वाटलं.

आता इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, नाहीतर ही पोस्ट नुसती कौतुकाची होईल. २०१९ मध्ये पोलंडहून मंडळी वळिवड्याला आली, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी वॉर्साला वळिवडे-कोल्हापूरच्या स्मारकाला फूल वाहिलं, तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. मीही ठेवला. 'कोल्हापूरनं सहारा दिला.' पण त्या काळी वळिवड्याच्या शेतकऱ्याला विचारून कुणी कॅम्प केला नव्हता. निर्णय वरच्यांचा होता आणि खर्च लंडनमधून चालणारं पोलंडचं सरकार करत होतं. तेंगेरूतही तेच. तिथल्या मेरू लोकांना कोण विचारतंय? उलट १९५१ मध्ये ब्रिटिशांनी त्यातल्याच सुमारे तीन हजार लोकांना गोऱ्या पशुपालकांसाठी स्वतःच्या जमिनीवरून हाकललं. किरिलो जाफेट नावाचा त्यांचा माणूस १९५२ मध्ये थेट संयुक्त राष्ट्रांपुढं गाऱ्हाणं घेऊन गेला. म्हणजे ज्यांच्या शेजारी पाहुणे ठेवले, त्यांनाच पुढं घराबाहेर काढलं.

मग सामान्य माणसाचं श्रेय काय उरतं? माझ्या मते एवढंच, की दारात आलेल्याला काय म्हणायचं हे त्यांच्या हातात होतं, आणि त्यांनी पाव्हणं म्हटलं. दूध घातलं, भाजी विकली, नमस्कार कसा करतात ते शिकून घेतलं. हे कुठल्या सरकारनं सांगितलं नव्हतं. आणि आज गवत काढणाऱ्या माणसाचं नाव कुठल्या स्मारकावर नाही.

आता माझा मथळा.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बातमीदार होतो. स्टँडसमोर एक पाणीपुरीचा गाडा होता. उत्तरेकडचा माणूस, बायको, एक मुलगी. मुलगी मराठी शाळेत तिसरीत. संध्याकाळी गाड्यामागं स्टुलावर बसून पाढे म्हणायची, तेही मराठीत. अंक संपला की मी रोज तिथं जायचो. अकरा वर्षं तो तिथं होता. सगळे त्याला भैया म्हणायचे. मीही.

एकदा हातगाड्यांवरून गावात कुरबूर झाली. एका पुढाऱ्यानं पत्रक काढलं. डेस्कला गरम काहीतरी पाहिजे होतं. मी पत्रकावरून बातमी केली, आकडा तपासला नाही, आणि मथळाही मीच सुचवला. "गावाला उपऱ्यांचा विळखा." छोटा, जोरकस, नजर थांबवणारा. डिप्लोमात शिकवला होता तसा. पहिल्या पानावर पाच कॉलम लागला. सगळ्यांनी पाठ थोपटली.

दुसऱ्या दिवशी रात्री चार-पाच पोरांनी गाडा उलटला. मारहाण नाही, पोलीस केस नाही. रस्त्यावर पुऱ्या आणि पाण्याचा हंडा. तिसऱ्या दिवशी ते कुटुंब खोली सोडून गेलं. मुलीचं दप्तर शाळेतच राहिलं होतं, असं नंतर एका शिक्षकांनी सांगितलं. मी त्याची बातमी केली नाही. चौकशीही केली नाही. दुसरा गाडा शोधला.

माझी ती बातमी आणि रवांडाचा रेडिओ यांची बरोबरी मी करत नाही. तसं करणं म्हणजे तिथं मेलेल्यांचा अपमान आहे. पण त्या इमारतीच्या फाटकाबाहेर उभा राहिल्यावर मला कळलं की वाट तीच असते. आधी शेजाऱ्याचं नाव जातं, मग त्याला एक शब्द चिकटवला जातो, आणि तो शब्द छापणारा कुणीतरी शिकलेला माणूस असतो.

तेंगेरूहून परतताना दालादालात एका म्हाताऱ्या शिक्षकाशी गप्पा झाल्या. इंग्रजी चांगलं होतं. मी म्गेनी शब्दाबद्दल बोललो, तर त्यांनी एक म्हण सांगितली. पाहुणा दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्या. आपल्याकडंही तिसऱ्या दिवशी पाहुण्याची अक्कल काढणारी म्हण आहे. मी हसून म्हटलं, म्हणजे आमच्यासारखंच, जा म्हणायचं. ते म्हणाले, "नाही नाही. कुदळ द्या म्हणजे जा नव्हे. कुदळ द्या म्हणजे आता आमच्याबरोबर राब. राबला की तो पाहुणा उरत नाही, घरचा होतो."

त्यांच्या देशात सगळं सोन्यासारखं आहे असं नाही. पण १९७२ साली बुरुंडीतून पळून आलेल्या लोकांपैकी सुमारे १ लाख ६२ हजार जणांना टांझानियानं पुढं नागरिकत्व दिलं. तोवर त्यांची पोरं-नातवंडं तिथंच शेती करून मोठी झाली होती. आपलं गांधीनगरही वेगळं काय आहे? पहिल्या दिवशी पाव्हणं, तिसऱ्या दिवशी कुदळ. आणि त्या गाडेवाल्यानं तर अकरा वर्षं कुदळ चालवली होती. तो उपरा कसा झाला? मी लिहिलं म्हणून झाला.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा मेरूवरचे ढग गेले होते. भाच्यानं विचारलं, "मामा, दिवसभर काय केलं?" म्हटलं, काही नाही, नुसता फिरलो. सूनबाईंनी भाकरी केली होती, आईची चटणी होती. मला त्या रात्री लवकर झोप आली नाही.

आता तुमचं काम.

एक. वळिवडे, गांधीनगर, उचगाव, चिंचवाड या भागात ज्यांच्या घरी ऐंशी-नव्वदीची माणसं आहेत, त्यांना कॅम्पाबद्दल विचारा. राजेरजवाड्यांचं नको, भाजी कोण विकायचं, भांडणं व्हायची का, कुणाला पोलिश यायचं, हे विचारा. फोनवर रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. मी सगळं उतरवून ठेवणार आहे. ही माणसं आणखी पाच वर्षांनी नसतील.

दोन. आल्यापासून मी त्या गाडेवाल्याचा पत्ता लागतोय का ते बघतोय. शाळेत गेलो, जुनं रजिस्टर मिळालं नाही. खोलीमालक वारले. स्टँडवरच्या जुन्या लोकांना तो आठवतो, पाणीपुरीची चव आठवते, पण नाव कुणालाच आठवत नाही. तेंगेरूच्या झाडीत, घरापासून हजारो मैलांवर मेलेल्या दीडेकशे माणसांच्या कबरी आहेत आणि कुणीतरी त्यांच्या भोवतीचं गवत काढतंय. आमच्या गावात अकरा वर्षं राबलेल्या माणसाचं नाव मला, बातमीदाराला, माहीत नाही. त्याच्या हातची पाणीपुरी तुमच्यापैकी कितीतरी जणांनी खाल्ली असेल. माझं हे वाचून तुम्हाला गाव आणि माणूस दोन्ही ओळखू येतील. नाव आठवलं तर इथं कमेंटमध्ये नको, मला इनबॉक्समध्ये कळवा. सापडला तर आधी माफी मागायची आहे. बातमी त्यानंतर, आणि तीही त्यानं हो म्हटलं तरच.